अख्खे जवस

मंगळवार, सायंकाळ

दुसऱ्या झटक्याच्या धास्तीने महिनाभर रोज चमचाभर जवस पाण्याबरोबर गिळले. उत्तम स्निग्धाम्ले, हृदयास हितकर! आज डॉक्टर म्हणाले, "अख्खा दाणा न पचताच बाहेर पडतो. भाजून, कुटून खा." म्हणजे महिना व्यर्थ? सौभाग्यवती पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती. मी ऐकले नाही. घरी येताच चूक कबूल केली.

ती खळखळून हसली. "पोपट बी दाना फोडीसन खास, मास्तर! तुम्ही तं शिकेल शेतस!" खरेच, पोपटही दाणा फोडून खातो; मी शिकलेला असून गिळत बसलो.

तिने लगेच खलबत्ता काढला. दादर ज्वारीच्या भाकरीवर जवसाची खमंग चटणी, वर कच्चे तेल. काय ती चव! आणि हे औषध? चमचाभर कशाला, आणखी मागितली.

"बस," ती म्हणाली.

चमचा आता तिच्याच हाती असावा.