एकाच क्लचचा ट्रॅक्टर

॥ श्री ॥
लोणी काळभोर,
८ सप्टेंबर २०२४

ती. मथुराआत्यांस,
जयसिंगचा सा. न. वि. वि.

बुश कातला, शाफ्ट कापून बसवला, त्यावरचं कव्हर तेवढंच कापलं, दोन पिना घडवल्या, मोवरची वाकडी पाती सरळ केली. सगळं स्वतःच्या हातांनी. आधीचं तुम्हाला ठाऊक आहेच : ठिबकची गाळणी, चिक्कूच्या बागेचं लोखंडी फाटक. आयटीआयचं तोंडही न पाहता. फोनवर तुम्हाला माझं ‘हॅलो’ तेवढं ऐकू येतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आतोबांच्या ट्रॅक्टरला गवत कापायचा मोवर जोडला. ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा एक इंच एक सुताचा, मोवरच्या जॉइंटचं भोक एक इंच तीन सुतांचं. दुकानदार म्हणाला, वेल्डिंग मारून टाका. मी त्याला नमस्कार केला आणि पोपटच्या लेथवर जाऊन दांडा आणि भोक यांच्यामध्ये बसणारा बुश कातला. शाफ्टचं माप लिफ्ट वर, खाली आणि मध्ये ठेवून घेतलं. अंतर सगळ्यात कमी असतं तिथेही इंचभर मोकळीक ठेवली. दोन्हीकडचे जॉइंट एका रेषेत लावले, नाहीतर ट्रॅक्टर हिवताप आल्यासारखा थरथरतो.

काल चिक्कूच्या दोन ओळी कापल्या. न्हाव्याने मशीन फिरवावं तसं गवत बसलं. फाटक मात्र जुनं झालं होतं, नवं करायला घेतो.

दसऱ्यापर्यंत ट्रॅक्टर बागेत कामाला लागला तर इथेच राहील, नाहीतर हायवेवरच्या नव्या हॉटेलच्या दारात शोभेला जाईल, असं तुम्ही ठरवलंत. रणजितदादाला सांगा, हॉटेलवाल्याने शोभेला दुसरं काही बघावं.

आहे ती माया कमी करू नका.

आपला,
जयसिंग


विश्रांतवाडी,
१३ सप्टेंबर २०२४

चि. जयसिंगराव यांस,
आत्याचे अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. ह्यांच्यामागे सुतात बोलणारं कुणी उरलं नव्हतं. रणजित मिलिमीटरमध्ये बोलतो, तेही मोबाइलला विचारून. तीन ठिकाणी माप घेतलंस हे वाचून तर जीव निवला. इतका धीर ह्यांना कधी नव्हता.

पण फाटक जुनं कधी झालं रे? गेल्या पाडव्याला तूच केलंस आणि फोटो सगळ्या भावकीला पाठवलास. लोखंड इतक्यात म्हातारं होत नाही.

काय झालं ते मीच सांगते. ओळ संपली, समोर फाटक आलं, तू क्लच दाबलास आणि ट्रॅक्टर थांबलाच नाही. तुम्ही सगळे दोन क्लचच्या ट्रॅक्टरवर शिकलेले. ह्याला एकच आहे. तो दाबला की इंजिन सुटतं, पण मागची जड पाती फिरतच असतात. ती शाफ्ट फिरवतात, शाफ्ट गिअर फिरवतो आणि गिअर चाकं. नांगराने बैल हाकावेत तसा मोवर ट्रॅक्टरला पुढे ढकलतो.

तुझे आतोबाही शेजाऱ्यांचं असलंच यंत्र जोडून गोठ्याची भिंत फोडून आत गेले होते. म्हशीने दूध चोरलं ते वेगळंच. ह्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि ट्रॅक्टर माझ्याकडे आला, तो पुढे माझ्याकडेच राहिला. कान त्यातच गेले.

सायकलचं पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं, ते फ्रीव्हीलमुळे. तसलंच काही शाफ्टला मिळतं का बघ. तोवर ट्रॅक्टरला हात लावायचा नाही. तो हॉटेलात गेला तरी चालेल, तू दवाखान्यात जायला नको. रणजित म्हणतो, ट्रॅक्टर अँटिक आहे. मी म्हटलं, मग मलाही त्याच्याशेजारी उभं कर.

रागावले नाहीये. हातपाय शाबूत आहेत ना, ते आधी कळव.

तुझी,
आत्या


लोणी काळभोर,
२५ सप्टेंबर २०२४

ती. आत्यांस,
सा. न. वि. वि.

हातपाय शाबूत आहेत. फाटक मीच तोडलं. क्लचवर उभा राहिलो होतो, तरी ट्रॅक्टर आपला निघाला होता देवदर्शनाला. तो का थांबेना हे मला सीटवर बसून कळलं नाही, ते तुम्ही विश्रांतवाडीत बसून सांगितलंत. तुमचं पत्र पोपटला वाचून दाखवलं. त्याने आधी टोपी काढली आणि मग मला हसला.

तुम्ही सांगितलेली वस्तू मिळते. जाड नळीसारखी दिसते. शाफ्टकडून उलटा जोर आला की आतल्या आत मोकळी फिरते. उघडून पाहिली, घडवता येते का म्हणून. आकार जमेल, पण आतल्या पोलादाला पाणी द्यायचं काम आपल्या भट्टीत व्हायचं नाही. म्हणून विकत आणली. हे वाक्य लिहिताना पेन अडलं होतं.

तिच्यातच एक सुतावरून तीन सुतांवर जायची सोय आहे, तेव्हा माझा बुश रिकामा झाला. टेबलावर कागद दाबायला ठेवलाय. शिवाय ती मध्ये जागा खाते, म्हणून शाफ्ट पुन्हा कापला, एकमेकींत सरकणाऱ्या त्याच्या दोन्ही नळ्या सारख्याच.

रविवारी ६ तारखेला रणजितदादा हॉटेलवाल्याला घेऊन ट्रॅक्टर बघायला येणार आहे. तुम्हीही या. तुम्ही बघितल्याशिवाय मी काम झालं म्हणणार नाही.

माया राहू द्या, शहाणपणही देत राहा.

आपला,
जयसिंग


विश्रांतवाडी,
२९ सप्टेंबर २०२४

चि. जयसिंग यास,
अ. उ. आ.

येते. रणजित गुडघ्यांची भीती घालतो. क्लच डाव्या पायाने दाबतात, माझा दुखतो तो उजवा.

बुश टाकू नकोस, मला दे. तुझं लेथवरचं काम बघायचं आहे.

चालवणार मी. फाटक उघडं ठेव.

आत्या


लोणी काळभोर,
७ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यांस,
सा. न. वि. वि.

काल तुम्ही ट्रॅक्टरवर होतात, त्यामुळे तुम्ही कशा दिसत होतात ते तुम्हाला माहीत नाही, आणि खाली कोण काय बोललं तेही ऐकू आलेलं नाही. म्हणून लिहितो.

पदर खोचून तुम्ही चढलात आणि डावा हात मडगार्डवर ठेवलात. मला आधी वाटलं, आधाराला. मग ध्यानात आलं, तुम्ही इंजिन हाताने ऐकत होता. मी तीस वर्षं यंत्रं दुरुस्त करतो, पण हाताला असे कान फुटलेले पाहिले नव्हते. पोपट ओरडून विचारत होता, आत्याबाई, लायसन हाय का? तुम्ही त्याला सांगितलंत, लसूण घरात भरपूर आहे, आता गवत कापू दे.

ओळ सुतात धरल्यासारखी सरळ. शेवटी तुम्ही क्लच दाबलात आणि ट्रॅक्टर जागच्या जागी उभा. पाती मागे आपली मोकळी गुणगुणत राहिली. रणजितदादा मोबाइल धरून उभा होता, पण बघण्याच्या नादात बटण दाबायचं विसरला. मला म्हणाला, आई हे कधी शिकली? त्याच्या जन्माआधी, असं मी सांगितलं.

खाली उतरून तुम्ही किल्ली माझ्या हातात दिलीत आणि कागद जयसिंगच्या नावावर करा म्हणालात. शाफ्टला ग्रीस भरलंय, पिना तपासल्यात. उरलेल्या ओळी या आठवड्यात कापतो.

माया दिलीत तेवढी पुरेशी आहे असं मात्र समजू नका.

आपला,
जयसिंग

ता. क. तुम्ही गाडीत बसल्यावर हॉटेलवाला मागे थांबला होता. किल्ली आता माझ्याकडे, म्हणून भाव मला सांगत होता. इंजिन काढून घेतलंत तरी चालेल, म्हणाला, दिसायला फक्त वरून ट्रॅक्टर हवा. मी नाही म्हटलं. दोन लाख दहा हजार देत होता.