बाबांच्या विहिरीवरची केबल

भास्कर,

उखाणा सोडला तर तुझं नाव मी कधी तोंडानं घेतलं नव्हतं. आज घेते, आणि अरे-तुरेही करते. हार घातलेल्या फोटोला आता कसला राग येणार?

काल आपल्या रेणूला बघायला जळगाव जामोदचे पाहुणे आले होते. पोहे होईपर्यंत माझ्या बाबांनी ठेवणीतली गोष्ट काढली. "माह्या विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीले गेली. मिरची सुकून राह्यली होती. तं या पोरानं सोताच्या पैशानं नवी केबल आणून जोडून देली! असा जावई दिवा घेऊन शोधला तरी भेटन का?" पाहुण्यांनी माना डोलावल्या. ते गेल्यावर तुझी लेक काय म्हणाली ठाऊक आहे? "आई, मले बी पप्पासारखाच पाह्यजे." म्हणून हे पत्र.

बाबांची केबल कापली कोणी रे?

तूच ना! वर त्यांच्यासोबत बांधाबांधानं चोर शोधत फिरलास, चोराला शिव्याही घातल्यास. किती मन लावून! गावातल्या आठ विहिरींच्या केबली जाळल्यास, तांबं भंगारात विकलंस, त्यातून एक नवी केबल घेतलीस आणि मला मागायला आलास. चोराच्या हातात लेक दिली आणि वर त्याचे पाय धुतले माझ्या बाबांनी.

हे तूच मला सांगितलंस, लग्नानंतर शेगावचं दर्शन घेऊन परतताना, एसटीत. मांडीवर प्रसादाची पुडी होती. "तुह्यासाठीच केलं ना वं!" म्हणालास आणि कौतुकाची वाट बघत बसलास.

माझ्यासाठी? मी मागितलं होतं? तू नुसता मोटारी दुरुस्त करायचास तेव्हाही मला आवडायचास. पण बाबांना सरळ विचारायची तुझी छाती नव्हती. लोकांच्या विहिरीवर कटर घेऊन जायची मात्र होती. भित्रा कुठला!

शेजारच्या मळ्यातले सलीमचाचा आठवतात? त्याच उन्हाळ्यात पाण्यावाचून त्यांची वांगी करपली. त्यांना नाही कोणी नवी केबल आणून दिली. त्यांच्या घरात तुला हवी असलेली मुलगी नव्हती ना! तरी वाचलेल्या दोन ओळींतली वांगी त्यांनी आपल्या लग्नाच्या भाजीला पाठवली. ती भाजी तू दोनदा मागून घेतलीस.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? त्या एसटीत मी लाजले. आपल्यासाठी कोणी एवढं केलं, म्हणून मला बरं वाटलं! आणि मग तेवीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

तर ऐक. उद्या बाबांना आणि रेणूला समोर बसवते. सलीमचाचांनाही बोलावलंय. सगळं सांगणार आहे. म्हाताऱ्याचा एकुलता एक अभिमान जाईल, रेणूचं जमत आलेलं लग्नही कदाचित मोडेल. भीती वाटतेच. पण तुझ्यासारखा नवरा तिनं शोधू नये.

बाबा विचारतीलच, "इतके वर्सं काऊन नाही सांगितलं वं पोरी?" 'रेणूसाठी' हे उत्तर माझ्या जिभेवर तयार आहे. ते मी देणार नाही, एवढा शब्द तुला देते. तुझ्या घरात मला सुखानं राहायचं होतं म्हणून गप्प बसले, असंच सांगेन.

एका केबलीच्या बदल्यात तुला मिळालेली,
सुनंदा