मागे टाकलेलं पाणी

३ मे

पोचलो एकदाचे! आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून लामियाने चार दिवसांचं हॉटेल भेट दिलंय. पोरीने हात आखडता घेतलेला नाही. महदिया गावाच्या अगदी टोकाला, तिन्ही बाजूंनी समुद्र. पूर्वी जहाजांतून आलेल्या आजाऱ्यांना इथे चाळीस दिवस वेगळं ठेवत. आता त्याच खोल्यांत संगमरवरी न्हाणीघरं आहेत आणि उशा इतक्या मऊ की डोकं सापडत नाही. हादी म्हणाला, बेया, मला चाळीस दिवस कोंडलं तरी चालेल, फक्त तुला दुसरी खोली द्या. मी त्याला उशी फेकून मारली.

जेवताना त्याने नेहमीप्रमाणे तळलेल्या ब्रिकच्या पातळ पारीतलं अर्धकच्चं अंडं नव्या शर्टावर सांडलं. तीस वर्षांत या माणसाने एकही ब्रिक न सांडता खाल्लेलं नाही.

खिडकीत पाण्याने भरलेली मातीची सुरई आहे. खोली आवरणारी मबरूकामावशी म्हणाली, अंगणातल्या विहिरीचं आहे, पिऊ नका, हॉटेलच्या मालकांना नुसतं शोभेला हवं असतं.

४ मे

सकाळीच सफाक्सहून फोन. हादीच्या औषधांच्या दुकानातल्या भागीदाराची कंबर धरली आणि दुकान उघडायला कुणी नाही. उद्या दुपारी येतो म्हणून हादी निघाला. मी चिडले होते, तोंड फिरवून बसले. पण तो जिना उतरायला लागला आणि राहवेना. घरचं माणूस प्रवासाला निघालं की मागे पाणी टाकायचं, म्हणजे ते सुखरूप परत येतं. आईने शिकवलेलं, मी एकदाही चुकवलं नाही. हाताशी सुरई होती. तीच जिन्यावर रिकामी केली.

मबरूकामावशी खाली पायऱ्या पुसत होती. कुठलं पाणी टाकलंस, असं तिने विचारलं. मी सांगितलं तशी ती फडकं तिथेच टाकून निघून गेली. मी मनात म्हटलं, पुसायचा कंटाळा, दुसरं काय.

५ मे

सकाळी नऊलाच हादी दारात. गाडी कुठे, विचारलं तर म्हणाला, चालत आलो. विजार गुडघ्यापर्यंत ओली. मला इतका आनंद झाला की पुढे काही विचारलंच नाही.

न्याहारीला ब्रिक मागवलं. त्याने सगळं खाल्लं. अंड्याचा एक थेंब सांडला नाही. मी थट्टा केली तर माझ्याकडे नुसता बघत राहिला. फार प्रेमाने.

अकराला फोन वाजला. हादीचा. दुकानातून. मागे गिऱ्हाइकांचा गोंगाट ऐकू येत होता. म्हणाला, रागावू नकोस सुलतानबाई, आज जमत नाही, उद्या दुपारी नक्की येतो.

आणि समोर गच्चीवर तो समुद्राकडे पाठ करून बसलेला.

मी अनवाणी खाली पळाले. मावशीने मला चादरींच्या खोलीत बसवून पाणी दिलं. सांगितलं ते असं: इथे मेलेल्यांना त्याच विहिरीवर शेवटची आंघोळ घालत, आणि ते पाणी परत विहिरीतच झिरपे. त्यांच्याही घरच्यांनी मागे पाणी टाकलं होतं, पण कुणी परतलं नाही. तेव्हापासून ते हाकेची वाट बघतात. “अगं पोरी, तू हाक घातलीस गं. पाणी एक, परतणारा एक. तुझा माणूस यायच्या आत याला बाहेर काढ.”

आज मावशीपाशीच झोपते.

६ मे, सकाळ

वर गेले. सांगितलं, जा. हात जोडले. तो लगेच उठला, दारापर्यंत गेला. सुरई उचलून माझ्या हातात द्यायला लागला. परवा मी रिकामी केलेली — काठोकाठ भरलेली.

“मागे पाणी नाही टाकणार?”

आवाज हादीचाच. मी सुरई घेतली नाही. तो पुन्हा येऊन बसला. उशीवर मीठ साचलंय.

हादीला फोनवर सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, बाईसाहेब, एक दिवस नवरा नाही तर दुसरा शोधलास? निघालोय, तासाभरात येतो.

दुपार, एक वाजता

हादीचा फोन. हॉटेल दिसतंय म्हणाला. गच्चीवर वाळत घातलेली माझी निळी ओढणीही दिसतेय. पण फाटक येत नाही. एकच वळण पुन्हा पुन्हा येतंय.

तीन वाजता

अजून तेच वळण. आता तो हसत नाही. बेया, मला घरी यायचंय, एवढंच म्हणतो. माझा हादी रडतोय आणि मी काही करू शकत नाही. माझ्या हातांनी केलं मी हे.

खाली हॉटेलवाल्यांना सांगून आले, माझा नवरा बाहेर अडकलाय. ते म्हणाले, साहेब तर वरच आहेत, आताच चहा पाठवला.

मावशी दिसत नाही.

चार

तो येऊ शकत नाही तर मी जाते. हॉर्न ऐकू येतोय. जवळच आहे, भिंतीपलीकडे —

दाराशी तो उभा आहे. सुरई घेऊन. अडवत नाही. म्हणाला, जा, त्याला भेट. तुझ्या मागे मी पाणी टाकतो.

मी गेले तर माझ्या जागी इथे कुणीतरी येईल. मग ही दोघं उद्या सफाक्सला जातील. आमच्या घरी. लामिया दार उघडेल, आई-बाबा आले म्हणून गळ्यात पडेल —

नाही गेले तर हादी एकटा, त्या वळणावर —

लामियाला फोन लावला. नुसता लाटांचा आवाज.

पुन्हा हॉर्न. लांब लांब जातोय. हादी, थांब, मी आले. वही जिन्यात ठेवून जाते. लामिया, तुला मिळाली तर दार उघडू नकोस, आम्ही कितीही हाका मारल्या तरी

जिना. तो मागे. सुरई तिरकी कर