चाकातला खेळ

प्रिय साडूभाऊ यांस,

सविनय नमस्कार. आपली व ताईंची प्रकृती ठणठणीत असावी. (ताईंची आहेच, परवा हिच्याशी फोनवर बोलताना त्यांचे हसणे मला अंगणापर्यंत ऐकू आले. तेव्हा पुढील मजकूर आपल्या कानी आधीच गेला असणार. तरीही अधिकृत वृत्तांत माझ्याकडून जावा, म्हणून हा खटाटोप.)

आपणांस ठाऊकच आहे की, पुढच्या रविवारी आमच्या कन्येची मातीची भांडी भाजण्याची भट्टी आपल्या ट्रेलरवरून टेकडीखालच्या तिच्या नव्या कार्यशाळेत न्यायची आहे. भट्टी आतून विटांची, धक्का लागला की तडकणारी. आणि रस्ता सगळा उताराचा. म्हणून ट्रेलरचे ब्रेक साफ करून चाकांची बेअरिंगे नीट बसवण्याचे काम मी स्वतःकडे घेतले. (ट्रेलर देताना आपण 'एकदम टकाटक आहे' म्हणाला होतात. चाकाचे झाकण उघडून आतले ग्रीस पाहिल्यावर या शब्दाची व्याप्ती मला नव्याने समजली.)

फोनवर आपण मार्गदर्शन केलेत की, चाक फिरवत नट गच्च आवळावा, मग थोडा मागे सोडावा. चाकात किंचित खेळ राहिला पाहिजे. थोडा म्हणजे किती, असे मी विचारले. "अहो, हाताला कळतं!" वाणिज्य शाखेच्या पदवीधराच्या हाताला असे काही कळत नसते, साडूभाऊ. शिवाय खेळ म्हणजे ढिलाई आणि ढिलाई म्हणजे अपुरे काम, अशी माझी धारणा. तेव्हा गच्च आवळण्याची आपली सूचना मी शिरोधार्य मानली, आणि मागे सोडण्याची सूचना ही आपली नेहमीची थट्टा समजून वगळली. चाक तसूभरही डुगडुगेना. मी समाधानाने हात धुतले.

परवा चाचणी झाली. ट्रेलरवर वाळूची पोती, गाडी चालवायला कन्या, शेजारी मी. बरेच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, काहीतरी जळतंय." मी म्हणालो, "कुणाच्या तरी घरी दूध उतू गेलं असेल." वस्तुस्थिती अशी की, आवळलेले बेअरिंग तापले, ग्रीस पातळ होऊन ब्रेकच्या पट्ट्यांवर उतरले, आणि आमच्या गल्लीच्या उतारावर कन्येने ब्रेक दाबताच गाडीने ऐकले, आपल्या ट्रेलरने ऐकले नाही. रांगेत मागे उभ्या असलेल्या उतावळ्या माणसासारखा तो आम्हांला ढकलत राहिला, आणि आम्ही शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकांच्या फाटकाला अलगद टेकलो. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "चहाला यायचं होतं तर बेल वाजवायची की!" (हिने ताईंना फोन लावला तो याच क्षणी. माझी विचारपूस नंतर झाली.)

पुढचे काम कन्येने केले. नव्या पट्ट्या, नवी बेअरिंगे. मला स्टुलावर बसवून तिने नट आवळला, सोडला, चाक वर-खाली धरून हलवले आणि म्हणाली, "बघा, एवढा खेळ हवाच. घट्ट धरून ठेवलं की तापतं, बाबा." (हे चाकाविषयी होते, असे मी गृहीत धरले आहे.) आता ब्रेक लागतात आणि फेरी मारून आल्यावरही चाक थंड असते. मात्र रविवारी शेजारच्या सीटवर बाबा नकोत, काका (म्हणजे आपण) हवेत, असे तिने जाहीर केले आहे. निर्णय तर्कशुद्ध आहे. माझी हरकत नाही. मी घरी वर्तमानपत्र वाचेन.

कळावे. लोभ या पत्राने वाढला नाही, तरी घटू नये.

आपला,
साडू

ता. क. – रविवारी आपणांस सर्दी व्हावी, अशी नम्र विनंती आहे. भट्टी कन्येच्या कार्यशाळेच्या दारातून आत जाईल तेव्हा मला तिथे असायचे आहे, आणि गाडीत जागा एकच आहे. मागच्या सीटवर मातीची पोती असतील.

पुन्हा ता. क. – पाकीट चिकटवणार तोच कन्येने पत्र वाचले. ती म्हणते, काकांना सर्दी तिने कालच फोनवरून करून ठेवली आहे. आपणांस लवकर आराम पडो. सोमवारच्या आधी मात्र नको.