स्टेशनासमोर विझणारा दिवा

रविवार, संध्याकाळ. गाझियाबाद.

चाललं एकदाचं. दसरा झाल्यापासून माझं खेळण्यातलं इंजिन रुळांलगतच्या छोट्या स्टेशनासमोर आलं की थांबायचं, पुढचा दिवाही विझायचा. बोटानं जरा ढकललं की दिवा लागून पुन्हा पळायचं. मी धरून बसलो की त्याच्या पोटातली चिपच गेली. ती रिसेट केली, रिमोटवर इंजिनाला नवा नंबर दिला, आज दुपारी तर टप काढून सगळ्या वायरी पुन्हा सोल्डर केल्या. पुन्हा तेच.

सुनीता चहा घेऊन आली आणि बघत उभी राहिली. "अहो, चिप खराब असेल तर ती बरोब्बर इथेच कशी होते?"

ऑफिसात इतरांच्या फायलींतल्या असल्या चुका मी काढतो. इंजिनाला वीज रुळांतून मिळते, आणि दिवा पहिल्या दिवसापासून सांगत होता की तिथे ती पोचतच नाही.

वाकून पाहिलं. नेमकं तिथल्याच रुळांवर हळदकुंकू. खंडेनवमीला घरातल्या पान्या-पकडींबरोबर इंजिनाची आणि रुळांचीही पूजा केली होती, मीच, ओल्या बोटांनी. त्याचा सुकून पापुद्रा झालेला. रोज दिसत होतं की. पण पूजेत बिघाड शोधायचं सुचणार कसं?

स्पिरिटच्या बोळ्यानं रूळ पुसले. सात फेऱ्या झाल्या, दिवा एकदाही विझला नाही. सुनीता म्हणाली, "चलो, पुढच्या वर्षी फक्त टपावर लावा."

टपावरचं कुंकू मी पुसलेलं नाही. तिथून वीज जात नाही.