पूररेषेचे दगड

गुरुवार संध्याकाळ, ऑगस्ट १९९४

सुलभाचे इंजिनिअर वडील आज खासदारांच्या समितीसमोर म्हणाले, "हे दगड तीन वर्षांपूर्वीच रोवलेत," तिथंच माझं सगळं पालटलं. पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारे दगड. काल ते मीच रोवले, रोजंदारीवर, त्यांच्याच सांगण्यावरून. नवे दिसू नयेत म्हणून शेणाचा हातही माझ्याकडूनच फिरवून घेतला. मी का फिरवला? इंजिनिअर साहेब खूश झाले तर पोरगी देतील म्हणून. गाढव मी.

दगड वेळेवर रोवले असते तर परसाल पुराआधी खालची आळी हलली असती. पुरात आमचं घर गेलं, पाठोपाठ माझं कॉलेज सुटलं.

समितीतल्या बाईंनी विचारलं, "मग माणसं हलवली का नाहीत?"

"लोकच ऐकत नाहीत, मॅडम."

मी खोरं घेऊन समोरच उभा. नखांत शेण.

नंतर सुलभा स्टँडवर भेटली. "बोललास तर बाबांची नोकरी जाईल. मग मला तोंड दाखवू नकोस." रडली. मला बरं वाटलं, हे वाईट. सूड आळीसाठी घेतोय, की साहेब मला एकदा टवाळ म्हणाले म्हणून? दोन्हीसाठी.

नखांतलं शेण अजून निघत नाही. समिती आज डाकबंगल्यावर मुक्कामाला आहे, साहेबही तिथंच. आई म्हणते, "जेवून घे, मंग भांडाय जा." नको. साहेबांच्या तोंडावरच समितीला सांगणार, आणि चला म्हणणार, एकेक दगड उपटून दाखवतो, खालची माती कालचीच उकरलेली आहे.

निघालो. दार ओढून घेतो.