राम राम, केळी तिसऱ्या महिन्यात

४ ऑगस्ट
केळीवाल्यांची आपली मेलिंग लिस्ट बंद होणार. कंपनीचं पत्र आलं: ३१ पर्यंत काय ते उतरवून घ्या, मग सगळं पुसणार. इतक्या वर्षांची पत्रं! लिस्ट सुरू केली मी, सांभाळते मी, आणि हे म्हणतात, "जाऊ दे ना, फोन आहेत की." फोनवर बोललेलं पुन्हा सापडतं का कोणाला? चिडले. मग चहा यांनीच केला.

६ ऑगस्ट
सगळं उतरवलं. एकच लांबलचक फाइल, उघडली की लॅपटॉप गपगार. धूलकोटकडच्या सभासदांना नेट धड नाही. पेनड्राइव्ह लावला की उघडलं पाहिजे, हवं ते चटकन सापडलं पाहिजे. जन्मभर पोरांना केमिस्ट्री शिकवली, एवढं नाही जमणार?

९ ऑगस्ट
पत्रं विषयवार लावली. कर्म माझं! सगळ्यांचा विषय एकच: राम राम. करपा असो, थंडी असो, व्यापाऱ्याने भाव पाडलेला असो, राम राम. सगळा एकच ढीग. दोन जय श्रीकृष्ण तेवढे वेगळे निघाले. हे हसून हसून लाल. मलाही आवरेना.

११ ऑगस्ट
धूलकोटच्या मंगलाबाईंचा फोन. लिस्टवरच्या जुन्या, शेत स्वतः बघतात. "ताई, माझी केळी तिसऱ्या महिन्यात लागली. तेवढीच पत्रं द्या ना, बाकीचं मी काय करू?"
अगं बाई! पहिल्या ओळीत सगळे लिहितातच की: राम राम, केळी चौथ्या महिन्यात. तारीख हवीय कोणाला? केळीच्या वयाने लावायची. लागवडीपासून घड कापेपर्यंत, एकेक महिना. वाचून वाचून लावावी लागणार. लागो.

१९ ऑगस्ट
बाकी महिने झाले. तिसरा मुद्दाम मागे ठेवला होता. आज उघडला, आणि आहेच ते.
तुकईथडच्या भास्करभाऊंचं जुनं पत्र: पानांवर पिवळे पट्टे दिसले की झाड उपटा, गाडा, बागेशेजारी काकडीचे वेल नकोत. खाली माझं उत्तर: "जस्त कमी आहे, फवारा. लोकांना घाबरवू नका. केमिस्ट्री मी शिकवते, तुम्ही नाही."
सगळ्यांसमोर. भास्करभाऊ लिस्ट सोडून गेले ते गेलेच. आणि दोन आठवड्यांनी आम्ही आमच्याच बागेत केळीच्या चार ओळी उपटून गाडल्या. फवारून फवारून थकलो होतो. लिस्टवर मी अक्षर लिहिलं नाही. आजही वाचताना कान गरम झाले.

२० ऑगस्ट
काढून टाकू माझं पत्र? बटण एकच, कोणाला कळणार? यांना विचारलं. "काढ की. पण मग चार ओळींचं कोण सांगणार? केमिस्ट्री?" टोमणा बरोबर बसला.
मंगलाबाई हेच पान उघडणार. ताईंनी लिहिलंय म्हणून जस्त फवारत बसणार.

२२ ऑगस्ट
लिस्टवर टाकलं. "राम राम, केळी तिसऱ्या महिन्यात. तेव्हा माझी चूक झाली. फवारून काही झालं नाही, आमच्या चार ओळी गाडल्या आणि गप्प बसले. भास्करभाऊ बरोबर होते." जुनं पत्र ठेवलं, नवं त्याच्या खाली लावलं.
संध्याकाळी मंगलाबाई: "ताई, कालच दहा-बारा झाडांवर पट्टे दिसले. तुमचं जुनं पत्र आठवून जस्त आणून ठेवलं होतं हो!" उपटतायत.

२४ ऑगस्ट
धूलकोटला एक पेनड्राइव्ह, दुसरा तुकईथडच्या बसवाल्याच्या हाती. सोबत चिठ्ठी: भास्करभाऊ, तिसरा महिना उघडा. "बॉम्ब तर नाही ना मॅडम?" म्हणे बसवाला. म्हटलं, आहे.

२८ ऑगस्ट
चार दिवस. काही नाही. हे म्हणतात, "त्याची केळी कापणीला आली असेल, वेळ कुठाय." मन राखतात बिचारे.

२९ ऑगस्ट
सकाळी लिस्टवर विनंती: भास्कर, तुकईथड, सभासद व्हायचंय. मंजूर की नामंजूर? दोन दिवसांनी बंद पडणाऱ्या लिस्टचं सभासद व्हायचंय या माणसाला! मंजूर, मंजूर, मंजूर. तीनदा दाबलं. यांना ओरडून सांगितलं, अख्ख्या गल्लीने ऐकलं.

३१ ऑगस्ट, दुपार
भास्करभाऊ लिस्टवर आले खरे, पण लिहिलेलं काही नाही. सकाळपासून सहादा सगळी लिस्ट पुन्हा उतरवली, न जाणो मधल्या वेळात आलं तर राहून जायला नको. तिसऱ्या महिन्यात माझ्या पत्राखाली जागा ठेवलीय. शिव्या लिहिल्या तरी तिथेच लावणार. हे म्हणतात जेवून घे. अजून एकदा उतरवते, मग.